तळघरात पाणी येतंय? बुजवण्याआधी त्याची वाट शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात, आजोबांच्या वेळचा वाडा आहे. दगडी जोतं, चुन्यातल्या भिंती, वर कडीपाट (लाकडी छत) आणि खाली एक तळघर. चौकात जुना आड आहे, पण वापरात नाही. गेली काही वर्षं पावसाळ्यात तळघरात पाणी साचतं, कधी घोट्याएवढं तर कधी गुडघ्याच्या वर. एका ठेकेदाराने आतून भिंतींना केमिकल वॉटरप्रूफिंग आणि खाली चार इंची कोबा सुचवला आहे. काकांचं म्हणणं, एवढा खर्च कशाला, मुरूम टाकून बुजवून टाका. दोघांपैकी कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलं आहे.

जुने वाडे दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे आणि पंचवटी, भद्रकाली, रविवार कारंजा भागातली बरीच तळघरं मी आतून पाहिली आहेत. त्यावरून सांगतो, आत्ता दोघांचंही ऐकू नका. तुमच्या प्रश्नात सगळं आहे, फक्त पाणी येतं कुठून ते नाही. ठेकेदाराच्या कोटेशनमध्येही ते नसावं. रस्त्यावरून येणाऱ्या पाण्याचा इलाज वेगळा, चेंबरमधून उलटं येणाऱ्याचा वेगळा आणि जमिनीतून पाझरणाऱ्याचा त्याहून वेगळा. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर पैसे जातातच, शिवाय भिंतीचं नुकसान होतं.

पुढचं सगळं मी वाडा न बघता लिहितो आहे, तेव्हा काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्याच लागतील. वाडा टेकावर आहे की उतारावर की सखल भागात, याने बराच फरक पडतो. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं आहे. एकाच बोळात वरच्या घराचं जोतं आणि खालच्या घराचं छत एका पातळीत येतं. अशा ठिकाणी तुमच्या तळघराची एक भिंत उघडी आणि दुसरी जमिनीत असते, आणि वरच्या घराचं मोरीचं पाणी तुमच्या भिंतीतून निघतं. शिवाय शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल, वाड्यात भाडेकरू असतील किंवा महापालिकेची धोकादायक घराची नोटीस आलेली असेल, तर काय करता येईल आणि कुणाच्या संमतीने, हेही बदलतं.

आत्ता पाणी साचलेलं असेल तर

कारण शोधायचं काम नंतरचं. पाणी आत असताना पहिली गोष्ट म्हणजे वीज. जुन्या वाड्यांत मीटर आणि मेन स्विच बऱ्याचदा जिन्याखाली, म्हणजे नेमके तळघराच्या तोंडाशी असतात. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायाने जाता येत असेल तर तो बंद करा. तिथे जायला पाण्यात उतरावं लागत असेल तर उतरू नका, महावितरणला कळवून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्या. पाणी वितभर आहे म्हणून धोका कमी, असं नसतं.

दुसरी गोष्ट पंपाची. याच ठिकाणी लोक सगळ्यात जास्त घाई करतात. पाऊस थांबला की मोठा पंप भाड्याने आणून तासाभरात तळघर कोरडं करायचं, असा सगळ्यांचा कल असतो. पण तळघरात पाणी असतं तेव्हा बाहेरची मातीही पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी बाहेरच्या दाबाला आतून टेका देत असतं. तुम्ही तो टेका एकदम काढून घेतला की भिंतीवर फक्त बाहेरचा दाब उरतो. हिशेब साधा आहे: एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब चौरस मीटरला एक टन असतो. पाच फूट उंचीपर्यंत माती पाण्याने भरली असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर एक टनाहून जास्त रेटा नुसत्या पाण्याचा, मातीचा वेगळा. आरसीसीची भिंत हे सहन करते. दर्जांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांतला, चुना धुऊन गेलेली दगडी भिंत आत फुगते, आणि वर तुळयांवर उभा असलेला वाडा त्याच भिंतीवर असतो.

म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने काढा. आधी फूटभर उतरवा, भिंतीवर खडूने रेघ मारून वेळ लिहा आणि थांबा. काही तासांनी पाणी पुन्हा रेघेवर चढलं तर बाहेरची पातळी अजून उतरलेली नाही, पंप बंद ठेवा. रेघेपाशीच राहिलं तर आणखी फूटभर काढा. गुडघाभर पाण्याला असे दोन-तीन दिवस लागले तरी लागू द्या.

पंपाच्या पाइपातून बाहेर पडणारं पाणीही बघत राहा. सुरुवातीला गढूळ येणारच, तळाचा गाळ असतो. पण नंतरही ते मातकट येत राहिलं तर पायाखालची माती वाहून येते आहे, तेव्हा पंप लगेच थांबवा. नाशकात ही भीती खरी आहे, कारण जुन्या गावाखाली सगळीकडे कातळ नाही. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. राख, खापरं, पडलेल्या भिंतींची माती असा हा भराव, ज्याला आपण पांढरी म्हणतो, पाण्याबरोबर सहज वाहतो. काझीच्या गढीची कड पावसाळ्यात ढासळते, ती याच मातीची आहे. तुमचा वाडा अशा भरावावर असेल तर जोराने पाणी उपसणं म्हणजे स्वतःच्या पायाखालची माती उपसणं.

डिझेल किंवा पेट्रोलचा पंप असेल तर इंजिन बाहेर रस्त्यावरच ठेवा, तळघरात किंवा जिन्यात नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद जागेत माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. आणि पाण्यात उतरताना गमबूट, हातमोजे घाला. उंदीर-घुशींच्या मुतामुळे अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर उतरूच नका. उतरल्यावर काही दिवसांत ताप आला तर पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाणी कुठून येतं ते कसं ओळखायचं

यासाठी यंत्र लागत नाही. एक वही, एक टॉर्च आणि एक पावसाळा लागतो. पाणी पहिल्यांदा कधी आणि कुठल्या कोपऱ्यात दिसतं, एवढं नीट लिहून ठेवलंत तर निम्मं निदान झालं.

पाऊस पडायला लागल्यावर अर्ध्या-एक तासात पाणी आलं आणि थांबल्यावर लवकर थांबलं, तर ते वरचं पाणी आहे: पत्र्याचं, पन्हळीचं किंवा रस्त्याचं. झरोक्याखालची भिंत ओघळलेली दिसते. पाऊस थांबून दिवस उलटला तरी फरशीच्या सांध्यांतून स्वच्छ, थंड पाणी येत राहिलं, तर ते जमिनीतलं. मोरीच्या जाळीतून किंवा संडासाच्या भांड्यातून बुडबुडे येतात, घाण वास येतो आणि पाणी तिथूनच वर चढतं, तर ड्रेनेज उलटं फिरतं आहे. नाशकात ऊन पडलेलं असताना पाणी आलं तर गोदेकडे बघा. शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण वर त्र्यंबकच्या डोंगरात त्याहून कितीतरी जास्त. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदी चढते आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांची तोंडं दबतात. तुमच्या भागाखालून सरस्वती नाला जातो. तो आता झाकलेला आहे, दिसत नाही, पण नदीचं पाणी चढलं की त्याचं पाणी नदीत न जाता मागे सरकतं. वर त्याच वेळी शहरातही पाऊस असेल तर सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार या सखल पट्ट्यात पाणी दोन्हीकडून कोंडतं.

पाचवी वाट अशी आहे की ती कुणाच्या डोक्यात येत नाही: नळाची लाइन. भद्रकालीकडच्या एका घरात दिवाळीतसुद्धा तळघर ओलं असायचं. घरच्यांनी आडाला दोष दिला होता आणि आतून एकदा कोटिंगही करून झालं होतं. मी त्यांना पहाटे नळ यायच्या आधी आणि नळ गेल्यावर, अशी दोनदा कोपऱ्यातल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण करायला सांगितली. नळाची वेळ संपली की पातळी दोन बोटं वर आणि दुपारपर्यंत पुन्हा खाली. बोळातून घरात येणारा जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप ओट्याखाली सडला होता. पाइप बदलला, ओल आटली. तुमच्याकडे हे तपासायचं असेल तर नळाला पाणी असताना घरातले सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद करून मीटरचा काटा बघा. फिरत असेल तर मीटरनंतर गळती आहे. मीटरच्या आधीची गळती मात्र यात सापडत नाही, तिथे पेन्सिलची खूणच कामाला येते.

भिंत नुसती दमट असेल तर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते. पुढच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ आहे, तिला झरोके उघडणं पुरेसं असतं. जुन्या लोकांनी झरोके ठेवले होते ते याचसाठी. रस्ता वर आला म्हणून लोक ते विटा घालून बंद करतात आणि तळघर कुबट होतं.

तुमचा आड वापरात नसला तरी कामाचा आहे

तुमच्या प्रश्नात आडाचा उल्लेख अर्ध्या वाक्यात आहे, पण माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात उपयोगाचा. आडातल्या पाण्याची पातळी म्हणजे तुमच्या वाड्याखालच्या भूजलाची पातळी. दोरीला वजन बांधून आडाच्या काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. मग पारदर्शक नळीची लेव्हल लावून काठापासून तळघराची फरशी किती खाली आहे ते काढा. गवंड्याकडे ती नळी असतेच. मृगापासून हस्तापर्यंत दर आठवड्याला आडाचं माप घ्या.

पाणी फरशीच्या पातळीपेक्षा नेहमी दोन-तीन फूट खाली राहिलं, तर तुमचा त्रास भूजलाचा नाही. फरशी फोडून काही करायची गरज नाही, वरची वाट शोधा. ऐन पावसाळ्यात ते फरशीच्या वर चढत असेल, तर भूजल तुमच्या तळघरात येणारच. अशा वेळी आड साफ करून त्यात तरंगत्या स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा, पंप बसवणं हा बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त इलाज ठरतो. आडाची पातळी फरशीच्या फूट-दीड फूट खाली धरून ठेवली की भोवतालची पातळीही उतरते. त्याहून खाली ओढू नका, माती वाहण्याची भीती मी वर सांगितली आहे. आडाची बांधणी दगडी आणि धड हवी. आतला दगड सुटलेला असेल तर आधी ती दुरुस्ती.

आणि एक नक्की तपासा: कुणी पुनर्भरण म्हणून पत्र्याचं पाणी आडात सोडलेलं नाही ना? पुनर्भरण चांगलं काम आहे, पण तळघराला लागून असलेल्या आडात नाही. 100 चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला की 2500 लिटर पाणी होतं. ते सगळं तुम्ही तळघराच्या भिंतीमागे ओतत असता.

आतून केमिकल आणि कोबा का नको

आता तुमच्या ठेकेदाराच्या सूचनेबद्दल. भिंतीच्या आतल्या बाजूने लावलेला थर मागून येणाऱ्या पाण्याने ढकलला जातो. बाहेरून लावलेला थर पाणी भिंतीवर दाबून बसवतं, आतला थर तेच पाणी सोलून काढतं. नव्या आरसीसी तळघरात काँक्रीटच्या आत शिरणारी रसायनं उपयोगी पडतात, कारण तिथे पकडायला एकसंध काँक्रीट असतं. तुमच्या भिंतीत दगड, चुना आणि मधली खडी-मातीची भर आहे. सिमेंटच्या थराने पाणी थांबत नाही, ते भिंतीत वर चढतं. आधी फरशीपासून हातभर असलेली ओल दोन-तीन वर्षांत कडीपाटापर्यंत जाते, लोणा (पांढरा क्षार) फुटतो आणि तुळयांची भिंतीतली टोकं कुजायला लागतात. तुळई बाहेरून ठणठणीत दिसते आणि भिंतीत शिरलेलं वीतभर टोक भुसा झालेलं असतं. तुमच्याकडे आत्ताच बघा: तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे पेचकस टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर तळघराच्या पाण्याआधी त्या तुळईखाली टेकू लावा.

कोब्याचंही तसंच. चार इंच काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण 240 किलो. खालून फूटभर उंचीचं पाणी चौरस मीटरला 300 किलोने वर रेटतं. म्हणजे बाहेरचं भूजल फरशीच्या फूटभर वर आलं की कोबा एक तर उचलतो किंवा तडकतो. पाण्यात रिकामी वाटी दाबून धरल्यावर ती वर उसळते, तेच. आत्ता तुमच्या फरशीच्या सांध्यांतून पाणी येत असेल तर ती गैरसोय आहे, पण त्याच सांध्यांमुळे फरशीवर दाब साचत नाही.

मग करायचं काय

माझा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी घरापासून लांब न्यायचं, मग उलटं येणारं अडवायचं, तरीही आत येईल त्याला वाट करून द्यायची आणि भिंतीच्या दर्जा सगळ्यात शेवटी भरायच्या. खर्चही साधारण याच क्रमाने वाढत जातो, त्यामुळे पहिल्या टप्प्यावर काम भागलं तर पुढचे पैसे वाचतात.

पहिला टप्पा पन्हळीचा. पत्र्याच्या पन्हळी साफ आहेत का, जोड सुटलेत का, खाली येणारा पाइप जोत्याच्या पायथ्याशीच पाणी ओततो का, हे पहिल्याच जोराच्या पावसात छत्री घेऊन बघा. पाइप जमिनीच्या वर मोकळा न सोडता बंद पाइपाने पावसाळी गटारापर्यंत न्या. चौकाच्या फरशीला उतार वाड्याच्या भिंतींकडे असेल तर तो उलटा फिरवा. हे काम गवंडी आणि प्लंबर मिळून करतात, त्यासाठी मोठा ठेकेदार लागत नाही.

रस्त्याचा प्रश्न जास्त अवघड. जुना थर न खरवडता नवा थर टाकला की रस्ता चढतो. चढत चढत एके काळी तीन पायऱ्या वर असलेला ओटा रस्त्याच्या पातळीला येतो आणि झरोका जमिनीत जातो. झरोक्याभोवती रस्त्यापेक्षा नऊ इंच ते फूटभर उंच दगडी कठडा बांधा, वर पावसाळी झाकण ठेवा, पण झरोका बंद करू नका. दाराला उंच उंबरा किंवा खाचेत बसणारी फळी चालते. सिंहस्थ आला की गावातले रस्ते नव्याने होतात. आत्ताच जोत्यापासून रस्त्याची उंची मोजून, टेप दिसेल असा तारखेसह फोटो काढून ठेवा. बोळाचं काम निघालं की खालचा थर खरवडून काढा, असा लेखी अर्ज गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून विभागीय कार्यालयात द्या. काम झाल्यावर केलेल्या तक्रारीचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरा टप्पा ड्रेनेजचा. तळघरात मोरी किंवा संडास असेल आणि वापरात नसेल तर ते कनेक्शन कायमचं बंद करा. वापरात असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. तो कुठे बसवता यावर सगळं अवलंबून आहे. तो मुख्य लाइनवर बसवला आणि पुरात बंद झाला, तर वरच्या मजल्यावरच्यांनी सोडलेलं पाणी बाहेर जात नाही आणि तुमच्याच तळघरात निघतं. म्हणून तो फक्त तळघराच्या फाट्यावर बसवा आणि वरच्या मजल्यांची लाइन वेगळी काढून थेट बाहेरच्या चेंबरला जोडा. व्हॉल्व्हच्या झडपेत कचरा अडकतो. रोहिणी नक्षत्रात एकदा उघडून साफ करायचा हा नेम ठेवा, आणि हात जाईल एवढं चेंबर त्यावर बांधा.

तिसरा टप्पा खड्डा आणि पंप. आड असेल तर तोच वापरा, नसेल किंवा लांब असेल तर तळघरात सगळ्यात खोल कोपऱ्याच्या बाजूला दोन फूट लांब-रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या. भिंतीला चिकटून मात्र नाही. पायाच्या तळापासून 45 अंशांची तिरकी रेघ खाली काढा, खड्डा त्या रेघेच्या बाहेर राहिला पाहिजे. भिंतींपासून थोडं आत, फरशीखाली चर खणून त्यात भोकाचा पीव्हीसी पाइप जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळून खडीत बसवा आणि खड्ड्याकडे उतार द्या. कापड वाचवू नका, तेच माती अडवतं. चराची खोलीही पायाच्या तळापेक्षा वरच हवी. तरंगत्या स्विचचा अर्धा एचपीचा ड्रेनेज पंप घरगुती तळघराला बहुतेक वेळा पुरतो. त्याच्या पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, पाइप रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन मग पावसाळी गटारात सोडा, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नाही. आणि पंपाला इन्व्हर्टर हवाच. जोराच्या पावसातच वीज जाते.

चौथा टप्पा भिंतीचा. आधी लावलेला सिमेंटचा गिलावा खरवडून काढायचा. सुटलेल्या दर्जा इंच-दीड इंच खोल साफ करून चुना-सुरखीने (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) भरायच्या. चुना जलद काम देत नाही, ओला ठेवावा लागतो, गवंडी कुरकुर करतो. पण चुन्यातून भिंत श्वास घेते आणि तिच्या बरोबरीने हलते. भिंत पूर्ण सुकायला वर्ष लागतं. तिला हीटर लावून घाई करू नका, आणि तोवर भिंतीला रंग नको, फार तर चुन्याची सफेदी.

नदीचा पूर असेल तेव्हा

वरचे सगळे उपाय रोजच्या पावसासाठी आहेत. 1969, 2008, 2016 आणि 2019 सारखा पूर आला तर पंप आणि व्हॉल्व्ह पुरत नाहीत. नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचा अंदाज घेतात, पाय बुडाले, कंबर बुडाली, छाती बुडाली. ही खूण तुमच्यासाठीही चांगली आहे. मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं की तळघरातला माल वर काढायला लागा, छातीची वाट बघू नका. गंगापूरमधून विसर्ग वाढवल्याच्या सूचना मोबाइलवर येतात, त्या वाचा. धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी त्यात नसतं, त्यामुळे नदी सूचनेच्या आकड्यापेक्षा जास्त चढू शकते.

पाणी दाराशी आलंच आणि ते तळघरात शिरणार हे स्पष्ट झालं, तर अडवत बसू नका. वीज तोडा, माणसं वर न्या आणि पाण्याला आत येऊ द्या. बाहेर छातीभर पाणी आणि आत कोरडं तळघर ही जुन्या भिंतीसाठी सगळ्यात वाईट अवस्था. पाणी आत-बाहेर सारखं असेल तर भिंत टिकते, आणि ओसरल्यावर वर सांगितलेल्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीने काढता येतं.

पुराच्या गाळासाठी एकच सांगतो: तो ओला असतानाच खरवडून काढा, वाळला की दगडाला धरतो. नंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. त्यात फरशी धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि तळघरात तो बाहेर जायला जागा नसते.

तुमचा वाडा निळ्या पूररेषेच्या आत आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर पाहून या. निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत असाल तर तळघरात मौल्यवान काही ठेवायचंच नाही, आणि विमा असेल तर पॉलिसीत तळघरातला माल वगळलेला आहे का ते आधी वाचा.

काकांचा मुरूम

काकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तळघराचा उपयोग नसेल, तुळया खराब असतील आणि भूजल दरवर्षी फरशीच्या वर येत असेल, तर भराव हा विचार करण्यासारखा पर्याय आहे. पण वाड्याचा राडारोडा आणि काळी माती त्यात टाकू नका. काळी माती पाण्याने फुगते आणि भिंत ढकलते. जाड, स्वच्छ मुरूम किंवा खडी सहा-सहा इंचांच्या थरात दाबून भरा. कडीपाटाखाली किमान दीड फूट जागा मोकळी सोडून झरोके चालू ठेवा, नाहीतर वरचं लाकूड खालून कुजेल. शेजाऱ्याचंही तळघर असेल आणि मधली भिंत सामाईक असेल, तर तुमच्या भरावाचा रेटा त्याच्या रिकाम्या तळघराकडे जाईल. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या लेखी सल्ल्याशिवाय एक पाटीही टाकू नका. आणि भराव घातल्याने पाणी नाहीसं होत नाही, ते फक्त दिसेनासं होतं. नळाची किंवा ड्रेनेजची गळती असेल तर ती आधी बंद व्हायला हवी, कारण भरावाखाली ती पुन्हा सापडणार नाही.

वाड्यात भाडेकरू असतील तर कामाआधी सगळ्या भिंतींचे आणि तुळयांचे तारखेसह फोटो काढा आणि काय करणार ते त्यांना लेखी कळवा. धोकादायक घराची नोटीस आलेली असेल तर दुरुस्तीचा निर्णय स्ट्रक्चरल ऑडिटच्या आधी घेऊ नका.

ठेकेदाराला आता एवढंच विचारा: पाणी कोणत्या वाटेने येतं असं तुम्हाला वाटतं, आणि ते कशावरून? त्याने आड मोजला असेल, चेंबर उघडून पाहिलं असेल, पावसात एकदा येऊन गेला असेल, तर त्याच्याशी पुढचं बोला. यंदाचा पावसाळा वही भरायला वापरा. त्यात पन्हळ आणि झरोक्याचं काम उरकून घ्या, त्यासाठी थांबायची गरज नाही. दिवाळीनंतर आडाची मापं आणि नोंदी घेऊन काम ठरवा, चुन्याच्या कामाला तो हंगामही बरा. करारात प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे लिहा, आणि शेवटचा हप्ता पुढच्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचा ठरवा.